बाबांचं रक्त अजून इथे आहे

११ जानेवारी

मास्तरीणबाई,

हे नाव तुझ्या बाबांनी ठेवलेलं. मी तुला अशी हाक कधी मारली नाही, पण 'प्रिय' लिहायला घेतलं आणि पेन अडलं. म्हणून त्यांचं नाव उसनं घेतलं.

फोन तू उचलत नाहीस. पत्राचं एक बरं असतं, फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. हातात घेतलंच आहेस तर एवढं वाच: तुझ्या बाबांचं रक्त अजून इथे आहे.

घाबरू नकोस, मला वेड लागलेलं नाही. काल लाँड्रीत काउंटरवर होते. एक गिऱ्हाईक कोटावरचा डाग आमच्याकडेच पडला म्हणून हुज्जत घालत होतं, तेवढ्यात फोन वाजला. बाईचा आवाज. हॉस्पिटलच्या संशोधन विभागातून बोलतेय म्हणाली. बाबांचं पूर्ण नाव घेतलं आणि विचारलं, "हे तुमचे कोण?"

"नवरा. वारले ते."

"हो, मला ठाऊक आहे. त्यांच्या रक्ताच्या नळ्या आमच्याकडे आहेत. त्यांचं काय करायचं ते विचारायला फोन केला."

मी गिऱ्हाइकाला म्हटलं, डाग आमचाच, पुन्हा धुऊन देते. इतक्या लवकर जिंकायची त्याला सवय नसावी, नुसता बघत राहिला. मी मागे टांगलेल्या कपड्यांच्या रांगांत जाऊन उभी राहिले.

तर झालं होतं असं. त्या साथीत वॉर्डात रोज सकाळी सगळ्यांचं रक्त घ्यायचे, ते आपल्याला माहीत होतं. त्याच सुईतून एक लहान नळी जास्तीची भरून घ्यायचे, संशोधनासाठी. कोण बिघडणार आणि कोण सावरणार, हे माणसाला धाप लागायच्या आधीच रक्तात दिसतं का, ते शोधायला. बाबांनी भरती झाले त्याच दिवशी सही देऊन टाकली होती. मला एका शब्दाने बोलले नाहीत. आता ते काम संपलंय, फ्रीजर दुसऱ्या इमारतीत हलवायचे आहेत, आणि जे गेले त्यांच्या घरच्यांना विचारायचा नियम आहे. नळ्या पुढच्या अभ्यासासाठी ठेवायच्या की नष्ट करायच्या? बायको-मुलं, सगळ्यांचं एकच म्हणणं हवं. मार्चअखेरपर्यंत कळवलं नाही तर ते आपणहून नष्ट करतील.

मी "विचार करून सांगते" म्हटलं.

तुला आठवतं ना, त्यांना आपल्या ताब्यात दिलंच नाही. स्मशानाच्या फाटकाबाहेरून चेन लावलेली एक पिशवी दिसली, आणि ती त्यांचीच हेही कुणीतरी सांगितलं म्हणून. तू तर ती तिकडे परदेशात, मी पाठवलेल्या व्हिडिओत पाहिलीस. आत तेच होते हे माझ्या मनाने पुरतं कधी घेतलंच नाही. आणि आता ही बाई सांगते की ते थोडेसे शिल्लक आहेत.

मला नळ्या ठेवायच्या आहेत. तुझं काय ते एका ओळीत कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

आई


२ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

उत्तर नाही. दोन दिवस पोस्टाला दोष देऊन पाहिला, पण आमचा पोस्टमन सरळ माणूस आहे, त्याच्यावर किती ढकलणार.

तुला वाटत असेल, नळ्यांच्या निमित्ताने आई जुनं उकरतेय. उकरतेच आहे. लाँड्रीत त्या वर्षीचे कपडे अजून टांगलेले आहेत. एक निळा सूट, एक बाईचा लांब कोट, लहान मुलाचा गणवेश. न्यायला कुणी आलं नाही. मालक म्हणतात देऊन टाकू, आणि दर वेळी आम्ही दोघंही दुसऱ्याच कामाला लागतो.

तेव्हा संध्याकाळी डॉक्टरांचा फोन यायचा, मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडे लिहून घ्यायचे, आणि मग तुझा फोन. 'आई, कशी आहेस' वगैरे काही नाही. थेट "सीआरपी किती? डी-डायमर? फेरिटिन?" वर्गात हजेरी घेतल्यासारखं. मला ती आधी परक्या मुलखातल्या स्टेशनांची नावं वाटायची. मग तूच शिकवलंस. सीआरपी म्हणजे आत जळजळ किती चाललीय त्याचा आकडा. डी-डायमर म्हणजे रक्तात गुठळ्या होताहेत त्याची खूण. फेरिटिन मला शेवटपर्यंत उमगला नाही, पण मी इमानाने लिहून घ्यायचे.

मग तू ते इंजेक्शन शोधून काढलंस. कुठेच मिळत नव्हतं. तू तिकडे बसून दिसेल त्याला फोन केलेस, आणि तुझ्या कुठल्याशा वर्गमित्राच्या मेहुण्याने ते शेजारच्या शहरातून बर्फाच्या डब्यात आणून दिलं. सीआरपी एकशे चाळीस होता, तो अठ्ठावीसवर आला. तू फोनवर ओरडलीस, "आई, उतरला! उतरला!" मला वाटलं ताप उतरला. म्हटलं, ताप नव्हताच गं कालपासून. केवढ्या हसलो आपण. त्या सगळ्या दिवसांत तेवढंच एकदा.

आणि मग तो फोन. श्वास पुरत नाहीये, घशात नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल, घरच्यांचं काय म्हणणं आहे? मी विचारलं, "त्यांना विचारलंत का?" डॉक्टर म्हणाले, ते नको म्हणताहेत. मी म्हटलं, मला बोलू द्या. नर्सने फोन त्यांच्या कानाशी धरला.

"ऐकताय ना?"

"हं."

"मशीन लावूया?"

"नको. नळी नको." मग नुसता श्वास, बराच वेळ. "जन्मभर अडकलेली माणसं बाहेर काढली मी. तू मला अडकवू नकोस."

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. तो आणखी कुठल्या शब्दांत सांगणार होता?

तुला कळवलं तर तू म्हणालीस, "आई, आकडे त्यांच्या बाजूने आहेत. सीआरपी उतरलाय. मशीनवर थोडे दिवस निघाले की सुटतील. ते भ्रमात बोलताहेत, तू काय ऐकतेस?"

मी म्हटलं, "भ्रमात नाहीत ते."

"मग हे तू केलंस," तू म्हणालीस. त्याच रात्री ते गेले, आणि त्यानंतर तुझा आवाज मी ऐकलेला नाही.

मला पुन्हा तोच फोन आला तर मी पुन्हा तेच सांगेन. हे तुला राग यावा म्हणून लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहिते. पण मशीन लावलं असतं तर काय झालं असतं, हे कुणीतरी मला एकदा सांगावं असं वाटतं. रोजचं रक्त आहे त्यांच्याकडे. त्यात ते कळत असेल का? मी जाऊन विचारणार आहे.

आई


१९ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

जाऊन आले.

तळघरात आहे ते सगळं. लांब बोळ, छताला पाइप, आणि दोन्ही बाजूंनी फ्रीजरची घरघर. बाहेर उकडत होतं आणि ती संशोधक बाई स्वेटर घालून बसलेली. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असेल. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मला बसवलं, पाणी दिलं. मी म्हटलं, आधी दाखवा.

तिने जाडजूड हातमोजे चढवले आणि एक पुठ्ठ्याची पेटी काढून आणली. पेटीतून धूर निघावा तशी वाफ. उणे ऐंशीत ठेवतात म्हणाली. आत नळ्या, माझ्या करंगळीच्या अर्ध्याएवढ्या. वर नाव नाही, नुसता नंबर. एक नळी तिने उजेडात धरली. मी चमकलेच.

"हे लाल नाहीये."

"लाल पेशी बाजूला काढतो आम्ही. वरचं हे सीरम ठेवतो. आकडे सगळे याच्यातच असतात."

फिक्या मेणाच्या रंगाचं होतं ते. इतके दिवस त्यांचं रक्त म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे लालच येत होतं. साधी गोष्ट, पण मला रडू आलं ते तिथे. तिने पेटी पटकन आत ठेवली. मी रडतेय म्हणून नव्हे, वितळायला नको म्हणून. मला ते आवडलं.

मग मी विचारलं. सीआरपी इतका उतरला होता, मशीन लावलं असतं तर वाचले असते का?

तिने कॉम्प्युटरवर त्यांचा नंबर काढला. वाचता वाचता तिचा चेहरा काही बदलला नाही. असे फार वाचले असणार तिने.

"सीआरपी उतरला, पण डी-डायमर चढतच होता," ती म्हणाली. "आणि काकू, त्यांना जे इंजेक्शन दिलं होतं ना, ते दिल्यावर सीआरपी उतरतोच. आत जळजळ झाली की लिव्हरला निरोप जातो आणि लिव्हर सीआरपी बनवतं. हे इंजेक्शन तो निरोपच अडवतं. आत बरं होत असो नाहीतर नसो, आकडा खाली येतो."

"म्हणजे भोंग्याची वायर काढली. आग आहे की विझली, ते कळायचं कसं?"

"काहीजणांची आग खरंच विझली त्याने. भोंगा गप्प आहे एवढ्यावरून ओळखता येत नाही, इतकंच."

"हे तेव्हा कुणी सांगितलं नाही."

"ज्यांना माहीत होतं त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती हो," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन ओशाळली.

मी सोडलं नाही. मशीन लावलं असतं तर? ते इंजेक्शनच दिलं नसतं तर?

"शेकडो माणसांचे आकडे एकत्र केले की सांगता येतं, अशा शंभरांतले साधारण इतके जातात. एकाच माणसाबद्दल सांगायचं तर तो दोनदा जगायला हवा. एकदा हे करून, एकदा न करता." तिने चष्मा काढून स्वेटरला पुसला. "तुमच्या मुलीलाही मी हेच कळवलं होतं."

"माझ्या मुलीला?"

तिने चष्मा पुन्हा चढवला. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. ते गेले त्याच वर्षी तुमच्या मुलीची मेल आली होती. मग आणखी बऱ्याच आल्या. इंजेक्शनबद्दल."

"आणि मशीनबद्दल काय म्हणाली?"

"मशीनबद्दल एक अक्षर नाही."

पुढे ती काही बोलायला तयार होईना, आणि मीही ओढलं नाही. तुझं तुझ्याकडून कळायला हवं होतं.

बसमध्ये माझा स्टॉप निघून गेला. शेवटच्या स्टॉपवर कंडक्टर म्हणाला, आजी, गाडी इथेच संपते.

आई


२१ फेब्रुवारी

पोरी,

परवापासून मी तुझ्यावर भयंकर चिडले आहे. लाँड्रीतला इस्त्रीवाला तुझ्या वयाचा आहे, त्याच्यावर उगीच ओरडले. त्याने नुसता पंखा माझ्याकडे वळवला.

मला वाटत होतं, तू मला अपराधी ठरवलंयस. ते मी सोसलं. आपल्या पोरीचा बाप गेला, ती कुणावर तरी आग पाखडणारच, आपल्यावर पाखडली तर पाखडू दे, असं स्वतःला समजावलं. आणि तू तर त्याच वर्षी आरोप माझ्यावरून काढून स्वतःवर घेतला होतास. मला सांगितलं नाहीस. खटला संपला तरी मी आपली पिंजऱ्यात उभी.

तुला काय वाटतं ते मला आता कळलं. तू आणलेल्या इंजेक्शनने त्यांची रोगाशी लढायची ताकद खच्ची केली, आणि वर त्याच इंजेक्शनने उतरवलेला आकडा दाखवून तू माझ्याशी भांडलीस. असंच ना? आणि मग मला कुठल्या तोंडाने फोन करायचा.

आता माझं ऐक. इंजेक्शन दिल्यानंतरच्या सकाळी त्यांचा फोन आला होता. हे मी तुला सांगितलं नाही, कारण तुला त्या दिवसांत आकड्यांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. म्हणाले, "मास्तरीणीने पाठवलंय म्हणे. आता पास व्हायलाच हवं, नाहीतर बाकावर उभं करील." हसले, मग खोकले. आपल्या लिफ्टची दुसऱ्या मजल्यावर करकर होतेय ती वॉचमनला सांग म्हणाले. त्याच्या दुसऱ्या सकाळीही बोलले. शेजारच्या कॉटवरचा माणूस घोरतो, पण घोरणं ऐकलं की बरं वाटतं, म्हणजे आहे अजून, असं म्हणाले. त्या दोन सकाळी त्या इंजेक्शनमुळे मिळाल्या की आपसूक, ते त्या बाईंनाही सांगता येणार नाही. पण मिळाल्या. मी ऐकल्या आहेत.

इंजेक्शनला डॉक्टर हो म्हणाले, मी हो म्हणाले, आणि ते स्वतः हो म्हणाले. तू सगळ्यांचं 'हो' एकटीने उचलून परदेशी नेऊन ठेवलंस. मी त्यांचं 'नको' वाहतेय आणि तू त्यांचं 'हो'. दोन्ही शब्द त्यांचे. आपण दोघी बिनपगारी हमाल.

तुला माफ केलं वगैरे मी लिहिणार नाही. माफ करावं असं तू इंजेक्शनच्या बाबतीत काही केलेलंच नाहीस. इतकी वर्षं बोलली नाहीस, ते मात्र मी माफ केलेलं नाही. ते समोर आलीस की बघू.

आई


१४ मार्च

पोरी,

तुझी ओळ मिळाली. एकच ओळ मागितली होती मी, तू एकच पाठवलीस. मास्तरीण ती मास्तरीण.

"आई, नष्ट करू दे. ते तिथे थंडीत आहेत हे मला सहन होत नाही."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागद उलटा करून ठेवला. मी तिकडे 'ठेवा' असं सांगून बसले होते. हो, तळघरात गेले त्याच दिवशी सही करून आले होते, तुला लिहिलं नाही एवढंच. मला वाटायचं, राहू देत. अधूनमधून जाऊन बोळातून घरघर ऐकून येईन. कुणाला त्रास आहे?

पण तू म्हणालीस ते डोक्यातून जाईना. त्या माणसाला थंडी कधी सोसली नाही. मे महिन्यातही पायांवर पांघरूण.

मी त्या बाईंना फोन केला. विचारलं, नष्ट म्हणजे नक्की काय करता? हॉस्पिटलच्या मागे भट्टी आहे, तिथे जाळतात. म्हटलं, मला समोर उभं राहायचंय. अशी पद्धत नाही म्हणाली. मी म्हटलं, गेल्या वेळीही तुमच्या पद्धतीनेच झालं होतं. मग ती म्हणाली, महिना संपायच्या आत या, मी तुमच्याबरोबर थांबेन.

मी सही बदलली. माझी एकच अट आहे. मी तिथून फोन करीन. तो उचल.

आई


२९ मार्च

पोरी,

तू फोनवर होतीस, तेव्हा काय झालं ते तुला माहीत आहे. पण फोन त्या बाईंच्या हातात होता, आणि त्यांनी तो भट्टीकडे धरला होता. तुला जे दिसलं नसेल तेवढं लिहिते.

तुला फोन लावायच्या आधी त्यांनी मला हातमोजे घालायला दिले आणि पेटी माझ्या हातात ठेवली. भट्टीचा माणूस आधीच्या पिशव्या आत टाकत होता, वेळ होता थोडा. मी एक नळी बाहेर काढली. बाईंनी बघितलं आणि तोंड फिरवून भिंतीवरची सूचना वाचायला लागल्या. गारवा हातमोज्यातूनही लागला. मी मूठ मिटली. वॉर्डात जाऊ दिलं नव्हतं ना मला. शेवटी कुणी हात धरला होता का, हे विचारायचं धाडस मला कुणाजवळ झालेलं नाही.

मूठ उघडली तेव्हा वरचा पांढरा बर्फाचा थर गेला होता आणि आतलं वितळलं होतं. नळी तिरकी केली तर हललं. इतकं स्वच्छ, पिवळसर, पाण्यासारखं. मला वाटलं होतं काहीतरी वाटेल. काहीच वाटलं नाही, फक्त आता ते गार नाहीत एवढं कळलं. मग ती नळी मी परत पेटीत ठेवली आणि बाईंना म्हटलं, लावा फोन.

तू पहिल्याच रिंगला उचललास. बाईंना 'हॅलो' म्हणालीस. तीन वर्षांत तुझा आवाज जाड झालाय गं.

भट्टीच्या माणसाने पेटी पिवळ्या पिशवीत घातली, हातावर तोलून पाहिली आणि विचारलं, "एवढंच?" ते तुला ऐकू गेलं असेल. बाई म्हणाल्या, "एवढंच." त्याने दार उघडलं, टाकली, लावलं. धूर दिसेल म्हणून मी वर बघत होते. दिसला नाही. नुसता आवाज वाढला आणि मग होता तसा झाला.

तू विचारलंस, "झालं?"

मी म्हटलं, "झालं."

मग तू रडलीस. मी नाही रडले, मी तुझं ऐकत उभी होते. भट्टीचा माणूस पुढची पिशवी हातात घेऊन थांबून राहिला होता, त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं. बाईंचा हात अवघडला तरी त्यांनी फोन खाली घेतला नाही. आणि मग तुझं रडणं जरा ओसरल्यावर तू विचारलंस, "आई, जेवलीस का?"

मी बाईंच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. तुला वाटलं असेल आई अजून रागावलेली आहे. तसं नाही. त्या सगळ्या दिवसांत रोज संध्याकाळी तू मला आकडे विचारलेस, आणि हे आज विचारलंस, आणि माझ्या तोंडून आवाज फुटेना.

तेव्हा सांगता आलं नाही, ते आता सांगते. घरी आले, सकाळचं झाकून ठेवलेलं गरम केलं आणि ओट्याशी उभ्यानेच जेवले. पोटभर जेवले, बाळा.

आई